गल्ला आणि गिऱ्हाईक : तुमच्या हाताची मजुरी किमतीत धरलीत का?

या वेळी पत्रं आणि मेसेज भरपूर आलेत, बहुतेक नुकताच धंदा सुरू केलेल्यांचे किंवा गणपती-दिवाळीच्या आधी सुरू करायच्या तयारीत असलेल्यांचे. सगळेच छापायला जागा नाही, म्हणून ज्यातून बाकीच्यांनाही काही मिळेल असे निवडलेत. नावं देत नाही, बऱ्याच जणींनी तशी विनंती केलीय.

उत्तरांच्या आधी एक गोष्ट सांगायचीय. जवळपास प्रत्येक पत्रात खर्चाचा हिशोब आहे आणि त्यातल्या एकाही हिशोबात लिहिणाऱ्याची स्वतःची मजुरी नाही. डाळीचे पैसे आहेत, पाऊचचे आहेत, रिक्षाचे आहेत, आणि पहाटे उठून कढईपुढे दोन तास उभ्या राहणाऱ्या बाईचे शून्य. हे मला फार लागलं, त्यामुळे उत्तरांमध्ये तोच मुद्दा पुन्हापुन्हा येईल, आणि तो यायलाच हवा असं मला वाटतं.

मला सगळंच बनवता येतं. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, पुरणपोळ्या, उकडीचे मोदक, शिवाय क्लास लावून सुगंधी मेणबत्त्या पण शिकले. मिस्टर म्हणतात सगळंच ठेव, ज्याला जे हवं ते घेईल. भांडवल २०,००० रुपये आहे. सुरुवात कशाने करू?
— एक वाचक, परळ

ताई, हाताला एवढं येतंय ही मोठी गोष्ट आहे, पण सहा वस्तू एकदम ठेवल्या की २०,००० चे सहा तुकडे होतात आणि कशाचाच माल पुरेसा राहत नाही. दोनच वस्तू घ्या. कुठल्या ते बघू.

पुरणपोळी आणि मोदक बाजूला ठेवा, निदान सुरुवातीला. दोन्हीला मागणी आहे, गणपतीत तर मोदकाला इतकी असते की हात पुरत नाहीत, पण मोदक गरम असेपर्यंतच मोदक, आयत्या वेळी ऑर्डर कॅन्सल झाली तर तो माल घरातच खपवावा लागतो, आणि गणपती गेले की मग संकष्टीची वाट बघायची. अशी वस्तू सणाची जादा कमाई म्हणून छान, पण महिन्याचा खर्च तिच्यावर चालणार नाही. मेणबत्त्या लोक भेट द्यायला घेतात, म्हणजे दिवाळीला एकदा, आणि त्याच गिऱ्हाइकाला तुम्ही पुन्हा पुढच्या दिवाळीलाच आठवणार. गोडा मसाला चांगला टिकतो, पण तुमच्या घरापासून चालत जाल एवढ्या अंतरावर लालबागची मसाल्याची दुकानं आणि डंक (मसाला कुटायची यंत्रं) आहेत, मार्च ते मे मध्ये अर्धी मुंबई वर्षाचा मसाला करून घ्यायला तिकडे येते, त्यांच्या दारात नवीन माणसाने पहिल्याच वर्षी मसाला विकायचं धाडस करू नये असं मला वाटतं.

राहिली भाजणी आणि मेतकूट. दोन्ही कोरडे, नीट भाजलं आणि ओल लागू दिली नाही तर दोन-तीन महिने आरामात राहतात, दोघांची बरीचशी धान्यं-डाळी सारखीच, कढई तीच, गिरणी तीच. आणि मुख्य म्हणजे संपतात. ज्या घरात नाश्त्याला थालीपीठ होतं तिथे अर्धा किलो भाजणी महिन्याभरात संपते आणि ती बाई परत फोन करते. संपणारी, परत लागणारी आणि न विकली गेली तरी उद्या फेकावी न लागणारी वस्तू आधी धरायची.

गिरणीचं मात्र जपा. मिरची दळलेल्या चक्कीवर तुमचं मेतकूट गेलं तर ते पाकीट घेतलेलं गिऱ्हाईक पुन्हा येणार नाही. गिरणीवाल्याशी आधीच बोलून ठेवा, सकाळी चक्की सुरू होते तेव्हाचा पहिला नंबर मागा, सुरुवातीला मूठ-दोन मूठ साधे तांदूळ फिरवून घ्या आणि मग तुमचा माल घाला. तरी पहिलं निघालेलं पाव किलो घरी वापरायला ठेवा, विकायला नको. हे पाव किलो तुमच्या खर्चात धरायचं बरं का, ते विसरलं जातं.

२०,००० मधले पहिल्या फेरीला पाच-सहा हजारच घाला. छापील पाऊचची हजाराची ऑर्डर अजिबात देऊ नका, क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास पॅकिंगच्या दुकानांत साधे उभे राहणारे झिपचे पाऊच शेकड्याने मिळतात, त्यावर स्टिकर लावा, कारण पहिल्या दोन-तीन महिन्यांत तुम्ही वजन बदलाल, किंमत बदलाल, कदाचित नाव पण बदलाल. आणि पाकिटं फुकट वाटू नका! नात्यातल्यांना फुकट दिलं की सगळे "मस्तच झालंय गं" म्हणणार, त्याच्यावर काही ठरवता येत नाही. नात्यात नसलेल्या, ओळखीच्या ओळखीतल्या वीस-पंचवीस जणींना पूर्ण पैसे घेऊन पाव किलोची पाकिटं विका आणि महिनाभर गप्प बसा. तुम्ही न विचारता त्यातल्या किती जणी परत मागतात ते बघा. आठ-दहा जणी आल्या तर पुढचे पाच हजार घाला. एक-दोनच आल्या तर बाकीच्यांना फोन करून मोकळेपणाने विचारा, खारट झालं का, जाडसर झालं का, की महाग वाटलं, आणि जे सांगतील ते वहीत लिहून घ्या.

मी घरी भाजणी करून अर्ध्या किलोचं पाकीट ११० ला विकते. शेजारणी म्हणतात महाग आहे. आता एका दुकानदाराने माल ठेवतो म्हटलंय पण त्याला २५ टक्के हवेत. मग मला काय उरणार? नाही म्हणू का?
— एक वाचक, मुलुंड

या प्रश्नाला मी जास्त जागा देतेय, कारण अशीच नऊ-दहा पत्रं आहेत, कोणाचा चिवडा, कोणाच्या पर्स, पण दुखणं एकच.

तुम्ही पाठवलेल्या खर्चाच्या यादीत मी जरा भर घातलीय. पाच किलो धान्याची एक फेरी धरू. आकडे समजायला सोपे पडावेत म्हणून गोल केलेत, तुम्ही तुमचे घाला. धान्य-डाळी-धणे-जिरे मिळून ४५० रुपये. दळण ६०. गॅस ५०. भाजताना वजन घटतं, गिरणीत थोडं राहतं, त्यामुळे हातात येते साडेचार किलो, म्हणजे अर्ध्या किलोची दहा नाही, नऊ पाकिटं. पाऊच आणि स्टिकर १० रुपयाने ९०. सामान आणायला आणि गिरणीत जायला रिक्षा, फोन, लाईट मिळून ९०. झाले ७४०. नवाने भागलं की पाकिटाला साधारण ८२ रुपये. तुम्ही ११० ला विकता, म्हणजे २८ रुपये सुटले असं तुम्हाला वाटतं.

आता निवडणं, धुणं, वाळवणं, एकेक धान्य वेगळं भाजणं, दळून आणणं, चाळणं, भरणं, सील करणं, हे सगळं मिळून तुम्हीच लिहिलंय पाच तास जातात. तासाला ८० रुपये धरू. हे काही जास्त नाहीये, उद्या मदतीला बाई ठेवलीत तर ती एवढे तरी मागेलच. पाच तासांचे ४००. एकूण खर्च ११४०, पाकिटाला १२७. म्हणजे ताई, प्रत्येक पाकिटामागे तुम्ही १७ रुपये स्वतःच्या पदरचे घालताय, आणि शेजारणी त्यालाच महाग म्हणतायत. त्यांना महाग वाटणारच, कारण त्या मनातल्या मनात फक्त डाळीचा भाव धरतात. तुम्हीही तेवढाच धरता, हे मला जास्त खटकतं.

दुकानदाराचे २५ टक्के कशावर असतात हे नीट समजून घ्या, बऱ्याच जणी इथेच फसतात. तो छापील किमतीवर २५ टक्के मागतोय, तुमच्या खर्चावर नाही. समजा तुम्ही १२७ वर २५ टक्के चढवून १५९ किंमत लावली आणि वाटलं की दुकानदाराचं निघालं, तर तो १५९ चे २५ टक्के कापून घेणार आणि तुमच्या हातात ११९ देणार. खर्चसुद्धा नाही निघाला. म्हणून उलटं मोजायचं. १७० किंमत लावली तर हातात साडे एकशे सत्तावीस येतात, म्हणजे ना नफा ना तोटा. २०० लावली तर १५० येतात, दुकानातून पाकिटाला २३ रुपये सुटतात, आणि जे गिऱ्हाईक थेट तुमच्या दारातून घेतं त्याच्याकडून ७३. दारातल्या विक्रीचा हा जास्तीचा पैसा म्हणजे तुमच्या फोनवर बोलण्याचा, पोचवायला जाण्याचा, उधारी वसूल करण्याचा मोबदला आहे, तो काही फुकटचा नफा नाही.

तुम्ही म्हणाल २०० ला कोण घेणार? शंका बरोबर आहे. पण किंमत खाली आणायची असेल तर स्वतःच्या मजुरीला कात्री लावायची नाही, कामाची पद्धत बदलायची. पाच किलोऐवजी दहा किलोची फेरी करा. दहा तास लागणार नाहीत, सात लागतील, कारण धुण्या-वाळवण्याला आणि गिरणीच्या फेरीला जवळजवळ तेवढाच वेळ जातो. मजुरी ५६० झाली पण पाकिटं १८ झाली. धान्य ९००, दळण १२०, गॅस १००, पाऊच १८०, येणं-जाणं वगैरे १२०. सगळं मिळून १९८०, पाकिटाला बरोबर ११०. आता १८० किंमत लावून दुकानदाराला २५ टक्के दिले तरी हातात १३५ येतात, २५ रुपये सुटतात, आणि तुमची मजुरी आधीच तुमच्या खिशात गेलेली असते. शिवाय पाव किलोचं पाकीट ९५ ला काढा. वाण्याच्या काउंटरवर शंभरच्या आतली वस्तू लोक पटकन उचलतात, आणि नवीन माणसाची चव बघायला कोणी अर्धा किलो घेत नाही.

दुकानदाराला नाही म्हणू नका, पण तीन गोष्टी आधी बोलून घ्या. पैसे कधी देणार, माल विकल्यावर की ठेवताना. न खपलेली पाकिटं किती दिवसांनी परत घ्यायची आणि त्याचं नुकसान कोणाचं. आणि पाकीट ठेवणार कुठे, कारण वरच्या फळीवर मागे ठेवलेली भाजणी कोणाला दिसत नाही. सुरुवातीला बारा पाकिटंच द्या, दर आठवड्याला जाऊन मोजा, विकल्याचे पैसे घ्या आणि तेवढीच नवीन ठेवा. आणि दुकानात १८० असेल तर दारातही १८० च. तुम्ही घरून १५० ला विकताय हे त्याला कळलं की तो तुमचा माल मागच्या फळीवर टाकेल, आणि त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. घरच्या गिऱ्हाइकाला काही द्यायचंच असेल तर पाच पाकिटांवर मेतकुटाची छोटी पुडी द्या.

जुन्या गिऱ्हाइकांना ११० वरून १८० सांगायचं कसं, हे पण तुम्ही विचारलंय. एकदाच सांगा, कारण सांगा, माफी मागू नका. "१ तारखेपासून अर्धा किलो १८० आणि पाव किलो ९५, आधीचा दर माझ्या मेहनतीचा हिशोब न धरता लावला होता." एवढा मेसेज पुरे. काही जणी जातील. ज्या पाकिटामागे तुम्ही पदरचे पैसे घालत होता ती पाकिटं कमी झाली एवढाच त्याचा अर्थ.

मी २४ वर्षांचा आहे, भुलेश्वर आणि मालाडहून इमिटेशन ज्वेलरी आणून इन्स्टाग्रामवर विकतो. सगळे तेच डिझाईन विकतात आणि रोज कोणीतरी १० रुपये कमी करतं. काय करू?
— एक वाचक, घाटकोपर

दादा, दहा रुपयांच्या या शर्यतीत तू जिंकणार नाहीस, कारण तुझ्यापेक्षा जास्त माल उचलणाऱ्याला खरेदीच स्वस्त पडते. तू वस्तू बदलू नकोस, गिऱ्हाईक ठरव. नऊवारीवर घालायचा पूर्ण सेट, म्हणजे नथ, तन्मणी, ठुशी, बाजूबंद, खोप्याची वेणी, हे एकत्र एका डब्यात, लहान मुलींच्या मापाचं, शाळेच्या गॅदरिंगसाठी. डिसेंबर-जानेवारीत शाळाशाळांत गॅदरिंग असतात आणि आयांना आयत्या वेळी नाकात न टोचणारी, दाबून बसवायची छोटी नथ शोधत फिरावं लागतं. किंवा लेझीम आणि ढोल पथकातल्या मुलींसाठी, तिथे एकाच डिझाईनचे तीस नग लागतात आणि ते नाचताना तुटून पडून चालत नाही. असं एक गिऱ्हाईक धरलं की तुझी तुलना दुसऱ्याच्या फोटोशी होत नाही, तू वेळेवर सगळं एकत्र देतोस की नाही याच्याशी होते.

होलसेलवाल्याला पैसे देण्याआधी विचार, हेच डिझाईन महिन्याने परत मिळेल का, आणि खडा पडलेला किंवा फासा तुटलेला नग बदलून देणार का. दोन्हीला नाही म्हणाला तर तिथून सेटचा माल उचलू नकोस. आणि घरात पडून असलेला न खपलेला माल आज मोजून काढ, खरेदीच्या भावाने त्याची बेरीज कर. तो आकडा बघितल्यावर नवीन खरेदी किती करायची ते तुझं तुलाच ठरवता येईल. पॅकिंग आणि कुरिअरच्या रांगेत जाणारा तुझा वेळ पण धर, तुझ्या हिशोबात तोही नाहीये.

मी जुन्या साड्यांच्या गोधड्या आणि बाळाची दुपटी शिवते. इन्स्टाग्रामवर ३,००० फॉलोअर झालेत, लाईक येतात, "सो क्यूट" येतं, ऑर्डर येत नाहीत. पैसे देऊन जाहिरात करू का? आणि एक जण एक्झिबिशनमध्ये स्टॉल घ्या म्हणतायत, दोन दिवसांचे ४,००० भाडं आहे.
— एक वाचक, बोरिवली

जाहिरात आत्ता नको. तुमचं पेज मी नीट बघितलं. एकाही पोस्टवर किंमत नाही, माप नाही, सगळीकडे "किमतीसाठी मेसेज करा" आहे. ज्या बाईला विचारायचा संकोच वाटतो ती पुढे जाते, आणि अशा बायका खूप असतात. किंमत लिहा, माप लिहा, शिवायला किती दिवस लागतात ते लिहा, वर बोरिवली लिहा. फोटोत गोधडी लांबून दिसते, टाका दिसत नाही, आणि तुमची खरी कमाई त्या टाक्यात आहे. सकाळी खिडकीपाशी धरून एक फोटो अगदी जवळून काढा, हाताने घातलेला धावदोरा दिसू दे, त्याच्या बाजूला तुमचं बोट दिसलं तरी चालेल, म्हणजे टाका किती बारीक आहे ते कळतं. दुसरा फोटो पाळण्यात घातलेला, मापाचा अंदाज येईल असा.

आणि तुमचं गिऱ्हाईक इन्स्टाग्रामवर लाईक देणारी मुलगी आहे असं मला वाटत नाही. बाळाची गोधडी बऱ्याचदा आजी घेते, मावशी घेते, आत्या घेते. त्या व्हॉट्सॲपवर आहेत, सोसायटीच्या ग्रुपवर आहेत, भजनी मंडळात आहेत. डोहाळेजेवणाची सजावट करणाऱ्या, बारशाचे पाळणे भाड्याने देणाऱ्या, बाळंतिणीला मालिश करायला घरोघर जाणाऱ्या बायका शोधा, बोरिवली ते गोरेगावमध्ये अशा कितीतरी असतील. त्यांना एक नमुना गोधडी हातात द्या आणि ऑर्डर आणली तर ठरवून कमिशन द्या. ते कमिशन किमतीत आधीच धरलेलं हवं.

तुमच्या पत्रात एका ओळीत तुम्ही लिहिलंय की कोणी कोणी स्वतःची साडी आणून देतं. अहो, तुमचा धंदा तिथे आहे! आजीची साडी गिऱ्हाइकाने आणायची, तुम्ही नातवासाठी गोधडी शिवून द्यायची. कापडात पैसा अडकत नाही, माल पडून राहत नाही, शिवायच्या आधी निम्मे पैसे ॲडव्हान्स मिळतात, आणि तशी गोधडी दुसऱ्या कुठल्या दुकानात मिळूच शकत नाही. यात तुम्ही विकता ती फक्त मजुरी, तेव्हा ती पूर्ण लावा. एका गोधडीला तास मोजायला घड्याळ लावून बसा, अंदाजाने लिहू नका, हाताचं काम अंदाजात नेहमी कमी भरतं. साडी घेताना मात्र तिच्यासमोर उघडून बघा, विरली असेल तिथे तिला दाखवा आणि मगच घ्या. जुनी साडी फाटली तर भरून देता येत नाही.

व्हॉट्सॲप बिझनेस घ्या, फुकट आहे, त्यात कॅटलॉग करा. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये, म्हणजे एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या यादीत, २५६ जणांपर्यंत मेसेज जातो, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, म्हणून माल देताना तिथल्या तिथे नंबर सेव्ह करायला सांगा. रोज गुड मॉर्निंग पाठवू नका, पंधरा दिवसांतून एकदा एक पूर्ण झालेली गोधडी, तिची किंमत आणि पुढची ऑर्डर कधीपर्यंत घेऊ शकता ते टाका.

स्टॉलचं गणित असं. भाडं ४,०००, टेम्पो-रिक्षा १,०००, तुमचे दोन दिवसांचे सोळा तास ८० ने १,२८०. झाले ६,२८०. तुमच्या एका गोधडीत मजुरीसकट खर्च जाऊन ४० टक्के सुटतात असं धरलं तरी नुसता स्टॉलचा खर्च निघायला १५,७०० ची विक्री हवी. १,८०० ची गोधडी असेल तर नऊ नग. दोन दिवसांत नऊ गोधड्या खपतील असं ते ठिकाण आहे का, हे पैसे भरायच्या आधी बघायचं. त्याच आयोजकाचं आधीचं एखादं प्रदर्शन चालू असताना दुपारी चारला आणि संध्याकाळी सातला जाऊन उभ्या राहा. लोकांच्या हातात पिशव्या आहेत की सगळे नुसते फिरतायत? कपड्यांच्या दोन स्टॉलवाल्यांना विचारा, त्या खरं सांगतात. स्टॉल घेतलाच तर हजाराच्या आतलं काहीतरी ठेवा, दुपटं, कापडी पिशवी, म्हणजे थांबलेलं माणूस रिकाम्या हाताने जाणार नाही.

वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर ग्रामीण बचत गटांचं महालक्ष्मी सरस प्रदर्शन भरतं, राज्य सरकारच्या उमेद अभियानाकडून, तिथे एकदा गिऱ्हाईक म्हणून जाऊन या. राज्यभरातून आलेल्या बायका माल कसा मांडतात, छोटी पाकिटं पुढे कशी ठेवतात, भाव विचारला की कशा न अडखळता सांगतात, ते बघण्यासारखं असतं.

लायसन्स काय काय लागतं? एजंट ८,००० मागतोय.
— एक वाचक, दादर

एवढे देऊ नका. खायच्या वस्तूला एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणी हवी, घरून करत असाल तरी. छोट्या उत्पादकाच्या बेसिक नोंदणीची सरकारी फी वर्षाला १०० रुपये आहे, फॉर्म ऑनलाईन भरता येतो, आणि मिळालेला १४ अंकी नंबर पाकिटावर छापावा लागतो. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, पूर्ण फुकट आहे. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या साईट पैसे मागतात, त्यांच्यापासून सांभाळा. जीएसटी राज्यातल्या राज्यात वस्तू विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेली की लागतो, पण महाराष्ट्राबाहेर माल विकायचा असेल तर हस्तकलेसारखे अपवाद सोडून उलाढाल कितीही असो, आधी नोंदणी लागते. पुण्या-नाशिकला पाठवा, सुरत-बेळगावच्या आधी सीएला विचारा.

पाकिटावर सगळे टॅक्स धरून किंमत, निव्वळ वजन, घटक, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं, बॅच नंबर, शाकाहारीचा हिरवा ठिपका, तुमचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन हे सगळं हवं. स्टिकरवर एवढं मावत नाही म्हणून मागे दुसरा स्टिकर लावा, त्याचे रुपया-दोन रुपये खर्चात धरा. नावाचा ट्रेडमार्क करायचा असेल तर एकट्या माणसाला ऑनलाईन फी मालाच्या एका वर्गाला ४,५०० आहे, पण त्याची घाई नाही, आधी ते नाव कोणी दुसरं वापरत नाही ना ते शोधून बघा.

मी पोह्याचे पापड आणि कुरडया विकते. समोरच्या इमारतीत एकीने माझ्यापेक्षा ४० रुपयांनी स्वस्त सुरू केलंय. मी पण एक हलक्या प्रतीचा स्वस्त माल काढू का, आणि चांगला वेगळा ठेवू? घरचे म्हणतात हा सगळा टाइमपास आहे, एवढं मनाला लावून घेऊ नकोस.
— एक वाचक, गिरगाव

तुम्ही गिरगावच्या आहात म्हणून तुमच्याच भागातली गोष्ट. १५ मार्च १९५९ ला गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली आणि ती भुलेश्वरच्या व्यापाऱ्याकडे दिली. तेच पुढे लिज्जत झालं. सुरुवातीला त्या पण दोन प्रतीचे पापड करत होत्या, हलके स्वस्तात विकायचे म्हणून. त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या छगनबाप्पांनी सांगितलं की एकच प्रत ठेवा, तिच्यात तडजोड नको, आणि हिशोब चोख ठेवा. त्यांनी ते ऐकलं.

तुमच्याबाबतीत तर हलका माल काढण्यात पैशाचाही फायदा नाही. पोह्याच्या पापडात पोह्यांपेक्षा हात जास्त जातो, भिजवणं, कुटणं, लाटणं, गच्चीवर राखण करत बसणं. हलके पोहे घेऊन किलोमागे वाचणार किती, आणि लाटायला वेळ तेवढाच लागणार. म्हणजे मजुरी तीच, किंमत ४० ने कमी, आणि तळल्यावर न फुललेला पापड तुमच्या नावाचा.

समोरचीचं एक पाकीट विकत घ्या, वजन करा, पापड मोजा, तळून बघा. वजन कमी निघालं तर तुमच्या पाकिटावर पापडांची संख्या मोठ्या अक्षरात लिहायला लागा. तिचा माल खरोखर तुमच्याइतकाच चांगला निघाला तर ती बहुतेक स्वतःची मजुरी धरत नाहीये. शक्य असेल तर तिच्याशी जाऊन बोला, उन्हाळ्याच्या वाळवणाला दोघींनाही हात कमी पडतात, मोठी ऑर्डर वाटून घेता येते, आणि पोहे एकत्र पोत्याने घेतले तर दोघींना स्वस्त पडतील.

घरच्यांसाठी एक करा. गल्ल्याचं वेगळं बँक खातं उघडा, क्यूआर कोड त्याच खात्याचा लावा, आणि दर महिन्याच्या १ तारखेला तासांचा हिशोब करून तुमची मजुरी त्या खात्यातून तुमच्या स्वतःच्या खात्यात टाका, अगदी ९०० रुपये झाली असली तरी. त्या महिन्यात खात्यात तेवढे पैसे नसतील तर ती रक्कम वहीत येणं म्हणून मांडून ठेवा, सोडून देऊ नका. तीन महिन्यांनी पासबुक आणि वही, दोन्ही घरच्यांसमोर ठेवा, आणि मलाही आकडे कळवा, पुढच्या अंकात त्यावरून किंमत पुन्हा बसवू.